आधी मुलाचे हात बघा, मग गेमचा डबा: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी कन्सोल गेम कसा निवडावा

डब्यावर ३ हा आकडा छापलाय, मूल चार वर्षांचं आहे, म्हणजे चालेल, असा हिशेब करून घेतलेले कितीतरी गेम आठवडाभरात कपाटात जाऊन पडतात. गेममध्ये वाईट काही नसतं. मुलाला तो खेळताच येत नाही. उडीचं बटण सापडेपर्यंत चालायची स्टिक (अंगठ्याने हलवायची छोटी दांडी) सुटते, पडद्यावरची सूचना वाचता येत नाही, आणि पाचव्यांदा खड्ड्यात पडल्यावर कंट्रोलर जमिनीवर आपटला जातो.

खालची माहिती तीन ते पाच वर्षांच्या, म्हणजे अजून वाचता न येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे. तुम्ही स्वतः कधी कंट्रोलर हातात धरला नसेल तरी अडणार नाही.

१. डब्यावरचा शिक्का काय सांगतो

युरोपातली ‘पेगी’ पद्धत २००३पासून आहे आणि ती ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते. अमेरिकेतली ‘ईएसआरबी’ १९९४ची. ती अक्षरं वापरते. तिच्याकडे अगदी लहानांसाठी ‘ईसी’ असा वेगळा शिक्का होता, तो २०१८मध्ये बंद झाला. आता तिथली सगळ्यात खालची पायरी ‘ई’, म्हणजे ‘सगळ्यांसाठी’. या ‘सगळ्यां’मध्ये तीन वर्षांचं मूलही आलं आणि तिशीतला माणूसही.

मारामारी, शिव्या, भीतीदायक दृश्यं, जुगार यांपैकी काही आत आहे का, एवढंच हे शिक्के सांगतात. गेम खेळायला किती अवघड आहे याचा त्यात विचारच केलेला नसतो. ‘फिफा’ फुटबॉल मालिकेवर ३ असायचा, पण तिला कंट्रोलरवरची जवळजवळ सगळी बटणं लागायची. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’वरही ३ आहे. दिसायला गोजिरवाणा गेम, पण त्यातली पात्रं जे काही सांगतात ते सगळं लिहून दाखवलं जातं. शेजारी बसून वाचून दाखवणारं कुणी नसेल तर मूल किनाऱ्यावर शिंपले गोळा करण्यापलीकडे जात नाही. उलट ‘सुपर मारिओ ओडिसी’वर ७ आहे, तरी त्यात मोठ्या माणसाबरोबर खेळायची आणि चुका पोटात घालायची सोय इतकी चांगली आहे की पाच वर्षांचं मूल त्यात रमतं.

तेव्हा शिक्का चाळणीसारखा वापरा. १२ किंवा त्यावरचे गेम सरळ बाजूला ठेवा, ७ असेल तर आधी स्वतः बघा, आणि ३ असेल तर पुढच्या तपासणीला घ्या. ‘पेगी’च्या आकड्याशेजारी छोटी चित्रंही असतात. कोळी दिसला तर आत मुलांना भीती वाटेल असं काही आहे. हातात कार्ड धरल्याचं चित्र असेल तर गेमच्या आत खऱ्या पैशांची खरेदी आहे. या वयासाठी खरेदीचं चित्र कोळ्यापेक्षा जास्त मनावर घ्या.

२. हात काय करू शकतात ते तपासा

गेम विकत घेण्याआधी बंद असलेला कंट्रोलर मुलाच्या हातात द्या आणि दोन मिनिटं गंमत बघा. डावा अंगठा पकड न सोडता स्टिकपर्यंत पोचतो का? ‘पळ आणि उडी मार’ म्हटल्यावर दोन्ही अंगठे एकाच वेळी हलतात, की एक हलला की दुसरा थांबतो? मागची, तर्जनीने दाबायची बटणं मुलाला न बघता सापडतात का?

साधारण असं दिसतं: तिसऱ्या वर्षी एका वेळी एकच गोष्ट, स्टिक किंवा बटण. चौथ्याच्या आसपास चालता चालता उडी जमायला लागते. पाचव्या वर्षी दाबून धरणं आणि सोडणं यातला फरक कळतो. उजव्या स्टिकने कॅमेरा, म्हणजे पडद्यावर दिसणारी बाजू, फिरवणं मात्र शाळेत जायच्या आधीच्या वयात क्वचितच जमतं. त्यासाठी एका हाताने जायचं आणि दुसऱ्याने बघायचं असतं, आणि ‘आपण कुठून बघतोय’ याची कल्पना डोक्यात सतत धरून ठेवावी लागते. मोठ्या माणसालाही पहिल्या दिवशी घाम फुटतो तो इथेच.

कंट्रोलरचं वजनही बघा. प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर साधारण २८० ग्रॅमचा आहे, बॅटऱ्यांसकट एक्सबॉक्सचाही तेवढाच. निन्टेन्डो स्विचचा एक जॉय-कॉन, म्हणजे त्याच्या बाजूचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर, ५० ग्रॅमच्या आसपास. आडवा धरलेला एकटा जॉय-कॉन लहान हाताला बरोबर बसतो. त्याच्या कडेवरची दोन चिंचोळी बटणं मात्र मुलांना दाबवत नाहीत. मनगटपट्टी लावली की ती उंच होतात आणि प्रश्न सुटतो. मोठा कंट्रोलर असेल तर मूल तो मांडीवर किंवा गादीवर ठेवून बोटांनी दाबेल. दाबू द्या. ‘नीट धर’ म्हणून काही साधत नाही.

हात हलवून, कंट्रोलर झटकून खेळायचे गेम लहानांना सोपे जातील असं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. नुसतं झटकायचं असेल तर जमतं. पडद्यावर नेम धरायचा असेल तर नाही, कारण मूल खेळता खेळता सरकतं, वळतं, उठून नाचतं, आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे जातो. डोक्याला लावायचे व्हीआर हेडसेट या वयात पूर्ण वर्ज्य समजा. प्लेस्टेशन व्हीआर २ बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं सोनी स्वतःच सांगते.

३. दहा मिनिटं खेळ बघा

जाहिरातीचा व्हिडिओ बघून काही कळत नाही. त्यात गेमचे सगळ्यात झगमगीत तीस सेकंद निवडून घातलेले असतात. कुणीतरी सुरुवातीपासून, काटछाट न करता खेळलेला व्हिडिओ शोधा आणि पहिली दहा मिनिटं बघा. डेमो, म्हणजे खेळून बघायला दिलेला गेमचा छोटा भाग, मिळत असेल तर त्याहून उत्तम. कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात बऱ्याच गेमचे डेमो फुकट असतात. बघताना या गोष्टींवर लक्ष ठेवा.

कॅमेरा कोण फिरवतंय? बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे जाणारा किंवा वरून दिसणारा खेळ असेल तर कॅमेरा आपोआप चालतो. खेळणारा सारखा उजवी स्टिक हलवत असेल तर हा गेम अजून दोन वर्षांनी.

काय करायचं ते कळतं कसं? आवाज बंद करून पाच मिनिटं बघा आणि पडद्यावरचं काहीही वाचायचं नाही असं ठरवा. तरीही पुढे कुठे जायचं ते समजलं, तर मुलालाही समजेल. मग आवाज सुरू करून बघा: सूचना कुणी बोलून सांगतं का, आणि ती भाषा मुलाला येते का? टीव्हीवरच्या ओळखीच्या पात्रांवर काढलेल्या गेममध्ये बोलून सांगायची सोय बहुधा असते. अशा गेमवर लोक नाकं मुरडतात, पण या एका बाबतीत ते पुष्कळ महागड्या गेमपेक्षा पुढे असतात.

चुकल्यावर काय होतं? इथे सर्वात जास्त वेळ घाला. खड्ड्यात पडल्यावर दोन सेकंदांत तिथेच परत उभं केलं, तर मूल हसतं. पाच मिनिटं मागे नेऊन टाकलं, तर रडतं. मोजलेले ‘जीव’ आणि ते संपल्यावर ‘गेम ओव्हर’ हे या वयाला शिक्षेसारखं लागतं, कारण आपलं काय चुकलं हेच मुलाला कळलेलं नसतं. सेकंद मोजणारं घड्याळ कोपऱ्यात दिसलं तर तो गेम बाजूला ठेवा. घड्याळ बंद करता येत असेल तरच विचार करा.

थांबायला जागा आहे का? एक लेव्हल (खेळाचा एक टप्पा) तीन ते पाच मिनिटांत संपत असेल तर ‘ही झाली की बंद’ असं म्हणता येतं. वीस मिनिटांची लेव्हल असेल आणि सेव्ह शेवटीच होत असेल, तर रोज भांडण ठरलेलं. बंद करताना होणाऱ्या रडारडीत मुलाच्या हट्टापेक्षा गेमच्या या रचनेचा वाटा मोठा असतो.

शेवटचं, दचकायला होतं का? एकदम बदलणारं संगीत, अंधार, पडदाभर तोंड उघडणारा राक्षस. लेव्हलच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, ज्याला गेमच्या भाषेत ‘बॉस’ म्हणतात, गोजिरवाण्या गेममध्येही असतो. तो पहिल्या दहा मिनिटांत सहसा येत नाही, म्हणून मधलीही काही मिनिटं उघडून बघा. पडदा वेगाने लुकलुकत असेल तर तेही टिपून ठेवा. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर कन्सोल घेण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

४. नावानिशी काही गेम

‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ (२०१७, स्विच). शर्यतीचा गेम लहानांना नको, या नियमाला हा अपवाद. यात ‘स्मार्ट स्टिअरिंग’ आहे, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली की गेम तिला आत वळवतो, आणि वेग आपोआप धरायचीही सोय आहे. दोन्ही चालू केलं की मुलाने नुसती स्टिक हलवली, किंवा काहीच केलं नाही, तरी गाडी शेवटपर्यंत पोचते. गाडी निवडायच्या पडद्यावर अधिक चिन्हाचं बटण दाबलं की हे पर्याय दिसतात. ५० सीसी या सगळ्यात कमी वेगापासून सुरू करा. कंट्रोलर तिरपा करून वळवायचा पर्याय मुलांना आवडतो, पण पहिल्या आठवड्यात तो बंदच ठेवा. मूल कंट्रोलर खाली करून तुमच्याशी बोलायला वळलं की गाडीही वळते.

‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डीलक्स’ (२०१९) आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ (२०२३), दोन्ही स्विचवर. एरवी मारिओचे हे खेळ लहानांना जड आहेत. पण दोन्हींत ‘नॅबिट’ नावाचं पात्र घेतलं तर शत्रूंच्या धडकेने काही होत नाही. ‘वंडर’मध्ये योशीही तसाच. खड्ड्यात मात्र हे सगळे पडतात. म्हणून शेजारी मोठं माणूस दुसरं पात्र घेऊन हवंच.

‘योशीज क्राफ्टेड वर्ल्ड’ (२०१९, स्विच). यातला ‘मेलो’ मोड सुरू केला की योशीला पंख मिळतात आणि खड्डे जवळपास निरुपद्रवी होतात. कागद-पुठ्ठ्याची दुनिया, शांत चाल. चार वर्षांच्या मुलाचा पहिलाच गेम म्हणून याला पसंती.

‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ (२०२०) प्रत्येक प्लेस्टेशन ५मध्ये आधीच भरलेला असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. मोजलेले जीव नाहीत, पडलं की लगेच परत सुरुवात. कंट्रोलरची मागची बटणं यात मुद्दाम घट्ट होतात, ती छोट्या बोटांना दाबवत नाहीत. सेटिंगमधल्या ॲक्सेसरीज विभागात जाऊन ट्रिगरचा परिणाम कमी किंवा बंद करा.

‘ब्लूई: द व्हिडिओगेम’ (२०२३). एकाच वेळी चौघांना खेळता येतं, वाचायची गरज फारशी नाही. गेम फार छोटा आहे अशी मोठ्यांची तक्रार असते. तीच गोष्ट तीनशे वेळा आनंदाने करणाऱ्या वयाला त्याने काय फरक पडतो?

लेगो मालिकेतले गेम. दुसरा खेळाडू मध्येच येऊ शकतो, मध्येच जाऊ शकतो. हरलं तर गोळा केलेली नाण्यांसारखी बटणं (‘स्टड’) तेवढी सांडतात आणि खेळ पुढे चालू राहतो. तोडफोड केली की काहीतरी मिळतंच, हे मुलांना फार पटतं. कोडी मात्र मोठ्यांनीच सोडवायची.

‘माइनक्राफ्ट’बद्दल सगळेच विचारतात. त्याच्यावर ७ आहे आणि कॅमेरा उजव्या स्टिकवर, म्हणजे आपल्या दोन्ही चाळण्यांत तो अडकतो. पाच वर्षांच्या मुलासाठी घ्यायचाच असेल तर ‘क्रिएटिव्ह’ मोड, अवघडपणा ‘पीसफुल’वर, आणि इंटरनेटवरून इतरांशी खेळणं बंद.

फुकट मिळणाऱ्या गेमच्या वाटेला या वयात जाऊ नका. पैसे एकदा घेऊन मोकळा होणारा गेम मुलाला सोडून देऊ शकतो. फुकटच्या गेमला मात्र मुलाने रोज परत यावं आणि गेममधलं दुकान उघडावं, हेच हवं असतं, आणि त्याची सगळी रचना त्याच कामाला जुंपलेली असते.

५. दोन कंट्रोलर, एक खेळाडू

ही सोय फार कमी पालकांना माहीत असते. एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर जोडून ते एकाच खेळाडूचे मानता येतात. प्लेस्टेशन ५वरही २०२३पासून ‘असिस्ट कंट्रोलर’ म्हणून तेच करता येतं. मूल पात्राला चालवतं, अवघड उडी किंवा कॅमेरा तुम्ही सांभाळता. पडद्यावर पात्र एकच असल्याने ‘मीच केलं’ हा आनंद शाबूत राहतो. कंट्रोलर हिसकावून घेऊन ‘थांब, मी करून देतो’ म्हणण्याची वेळ येत नाही.

स्विचवर हे असं नाही. तिथे ‘ओडिसी’सारखा गेम घ्या, ज्यात एकाने मारिओ आणि दुसऱ्याने त्याची टोपी चालवायची असते. टोपी मुलाला द्या. ती पडत नाही, मरत नाही आणि मारिओजवळच राहते. सोबत ‘असिस्ट’ मोड सुरू ठेवा, म्हणजे वाट दाखवणारे निळे बाण दिसतात.

६. मुलाला दाखवण्याआधी कन्सोल तयार करा

डबा मुलासमोर उघडून लगेच खेळायला बसायचं ठरवलं तर पहिला तासभर अपडेटची पट्टी बघण्यात जातो. आदल्या रात्री सगळं उरकून ठेवा.

मुलाचं वेगळं खातं तयार करा, ते तुमच्या खात्याखाली जोडा. यामुळे वयाची मर्यादा त्याच्यापुरती लागते, आणि तुमचा किंवा ताईचा सेव्ह केलेला खेळ पुसला जात नाही. मग खर्चाची मर्यादा शून्य करा, आणि तुमच्या खात्यातून खरेदी करताना दर वेळी पासवर्ड मागायचा पर्याय सुरू करा. मुलाच्या खात्यावर बंदी घालून तुमचं खातं उघडं ठेवलं, तर मूल तुमच्याच चित्रावर बोट ठेवतं. पिन १२३४ किंवा वाढदिवस नको. ही मुलं वाचत नसली तरी तुमचं बोट कुठे जातं ते पाठ करतात.

संवाद आणि अनोळखी लोकांशी खेळणं बंद करा. कंट्रोलरचं थरथरणं पहिल्या दिवशी बंद ठेवा, काही मुलं त्याने दचकतात. स्विचला हेडफोन लावणार असाल तर सेटिंगमध्ये कमाल आवाज कमी करायचा पर्याय आहे.

वेळेची मर्यादा लावताना एक खोच आहे. स्विचच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये वेळ ठरवली तरी ती संपल्यावर नुसती सूचना दिसते. खेळ खरोखर थांबायला हवा असेल तर तो थांबवायचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. प्लेस्टेशन ५वरही ‘फक्त सूचना’ आणि ‘बाहेर काढा’ असे दोन पर्याय आहेत. आणि तरीही, या वयाच्या मुलाचा खेळ यंत्राने मध्येच तोडण्यापेक्षा तुम्ही लेव्हल संपताना थांबवलेला बरा.

स्विचचं गेम कार्ड नखाएवढं नसलं तरी तोंडात सहज जाईल एवढंच असतं. निन्टेन्डोने त्यावर मुद्दाम कडू लेप दिलाय, पण तेवढ्यावर विसंबू नका. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरच्या बॅटऱ्यांचं झाकण अंगठ्याने उघडतं, त्यावर चिकटपट्टी लावा.

७. पहिले काही दिवस

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं चांगलं. हा तास टीव्ही, फोन, गेम सगळ्यांचा मिळून आहे. गेमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. झोपायच्या आधीची वेळ टाळा.

पहिल्या दिवशी तुम्ही खेळा आणि मुलाला बघू द्या, पाचच मिनिटं. मग मुलाला एकच काम द्या, ‘तू फक्त उडीचं बटण सांभाळ’. बटणांची नावं शिकवू नका, जागा आणि रंग सांगा. एखादं बटण चुकून दाबलं जाऊन सारखा मेनू उघडत असेल तर स्विच आणि प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. नको असलेल्या बटणावर उडी नेऊन ठेवा.

८. नेहमी बिघडतं ते

मूल भिंतीला जाऊन थडकतं आणि तिथेच पळत राहतं: त्याला कॅमेरा झेपत नाही. गेम बदला, सराव करून घेऊ नका.

सारखं ‘तू कर’ म्हणतं: अवघड आहे. सोपा मोड आधीच सुरू असेल तर पहिली, मोकळी लेव्हल उघडून तिथेच फिरू द्या. पुढे जाणं सक्तीचं नाही.

जॉय-कॉनची पट्टी निघतच नाही: ती उलटी बसवली. पट्टीवर आणि जॉय-कॉनवर अधिक किंवा उणे चिन्ह असतं, ती दोन्ही जुळली पाहिजेत. अडकली असेल तर कुलूप उघडं आहे ना ते बघून हळू, सरळ रेषेत ओढा.

पात्र आपोआपच एका बाजूला चालतं: स्टिक खराब झाली असू शकते. मुलाला रागवण्याआधी सेटिंगमध्ये स्टिकचं कॅलिब्रेशन करून (तिची मधली जागा पुन्हा ठरवून) बघा, कारण हाच दोष असेल तर मूल बिचारं कितीही नीट खेळलं तरी खड्ड्यातच जाणार.

दोन भावंडांचं भांडण: एकाच पडद्यावर दोघं असतील तर पुढे पळणाऱ्यामागे कॅमेरा जातो आणि धाकटं मागे राहून फरपटतं. पडदा दोन भागांत विभागणारा गेम घ्या, किंवा थोरल्याला मागे राहायचं काम द्या.

आणि महिनाभर तीच एक लेव्हल, तोच पूल, तीच उडी चालली असेल, तर नवा गेम आणायची घाई नको. ज्या दिवशी मूल स्वतःहून पुढची लेव्हल निवडेल, तेव्हा दुसऱ्या गेमचा व्हिडिओ शोधायला बसा.